नियमबाईंची उघडी भिंत

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाईंना शहरातले गवंडी नियमबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एकदा एका नव्या गवंड्याच्या तोंडून ते नाव त्यांच्यासमोरच निसटलं आणि बिचाऱ्यानं जीभ चावली. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. आता ओळंबा लाव."

अंगानं किरकोळ, डोक्याला उन्हाचा रुमाल, पायात पुरुषी बूट आणि खांद्याला पिशवी. त्या पिशवीत बांधकाम नियमांचं जाडजूड पुस्तक असे. पानं हाताळून हाताळून ते फुगलं होतं. इमारत परवानगी खात्यात त्यांचा सारा जन्म गेला. लोकांचे नकाशे तपासायचे, चुका दाखवायच्या, मंजुरीचा शिक्का मारायचा. एखादा चांगला मास्तर उत्तरपत्रिका वाचतो ना, तसे त्या नकाशे वाचत. लाल शाईची हौस म्हणून नव्हे, समोरच्याला काय समजलंय आणि काय नाही ते कळावं म्हणून.

नोकरी त्यांनी वेळेआधी सोडली, ती आईपायी. आई वरच्या मजल्यावरच्या खोलीत अंथरुणाला खिळली होती. वर सिमेंटचा स्लॅब, चारी बाजूंनी सिमेंटच्या भिंती. उन्हाळ्यात म्हातारी भिंतीला तळवा लावायची आणि म्हणायची, "हिला ताप आलाय गं." त्या इमारतीचा नकाशा बाईंनीच मंजूर केला होता. त्यात काडीचीही चूक नव्हती. आई गेल्यावर त्यांच्या मनात एकच प्रश्न ठाण मांडून बसला: नियमात बसणाऱ्या घरात माणसाला सुखानं का बसता येऊ नये?

मग मातीची घरं बांधणाऱ्या हौशी मंडळींकडे त्या जाऊन आल्या. तिथेही त्यांचं पटलं नाही. ती मंडळी गोड होती, निसर्गावर तासन्‌तास बोलत, पण पायाची खोली विचारली की आकाशाकडे बघत. नियम म्हणजे सरकारी कटकट, असं त्यांचं ठाम मत होतं. पुढे एका वादळात त्यांच्या एका घराची अख्खी भिंत आडवी झाली. नशीब, आत कुणी नव्हतं. बाई एवढंच म्हणाल्या, "झाडांवर प्रेम आहे म्हणून भिंत उभी राहत नाही."

म्हणजे दोन्ही बाजूंशी वाकडं. इकडचे म्हणत, नियमात राहायचं तर सिमेंट वापरा. तिकडचे म्हणत, हिरवं घर हवं तर नियम सोडा. बाई म्हणत, दोन्ही करणार, आणि गवंड्यांना शिकवून करणार, कारण भिंत शेवटी त्यांच्या हातची असते.

त्यांनी खात्याच्याच एका पडीक गोदामाचं आवार मागून घेतलं आणि तिथे गवंड्यांचा वर्ग सुरू केला. खात्यानं आवार दिलं, पण अट घातली. शिकणाऱ्यांनी त्याच जागेत नमुन्याचं दोन खोल्यांचं घर बांधायचं आणि ठरल्या मुदतीत त्याला पूर्णत्वाचा दाखला मिळवायचा. मिळाला तर वर्गाला मान्यता, आवार वर्गाकडे, आणि इथे शिकलेल्या गवंड्याला तशी भिंत शहरात कुठेही कायद्यानं बांधता येणार. नाही मिळाला तर आवार परत. खात्याला तिथे आपले ट्रक उभे करायचेच होते.

वर्गाचे पहिले दिवस हशातच गेले. हिरवं घर म्हटल्यावर एकानं गंभीरपणे विचारलं की रंग आतूनही हिरवाच द्यायचा का. बाईंनी त्याला काचेच्या बाटलीत माती आणि पाणी घालून हलवायला लावलं आणि ती निवळेपर्यंत गप्प बसायची शिक्षा दिली. खाली वाळू बसली, वर गाळ, त्यावर चिकणमाती. "ही तुझी वीट," बाई म्हणाल्या. "वाळू कमी पडली तर तडकेल, जास्त झाली तर झडेल. रंगाचं नंतर बघू." मातीत चिमूटभर सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेल्या विटा, भट्टी नाही की धूर नाही. खाली दगडी जोतं, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. दारंखिडक्यांच्या डोक्यावर घराला चहूकडून आवळणारा काँक्रीटचा पट्टा, कारण नियमात तो आहे आणि जमीन हलली तर तोच घर धरून ठेवतो. छपराची वळचण रुंद, भिंतीच्या बाहेर हातभर आलेली. आणि भिंत बाहेरून उघडी. विटांच्या दरजा चुन्यानं भरायच्या, बस्स.

या वर्गात एक म्हातारे गवंडी होते, त्यांना सगळे आरसामिस्त्री म्हणत. शहरातल्या जुन्या सिनेमागृहापासून दवाखान्यापर्यंत निम्म्या इमारतींचा गिलावा त्यांच्या हातचा. त्यांनी रंधा फिरवलेल्या भिंतीत तोंड दिसतं, अशी त्यांची ख्याती. या वयात शिकायला का आलात, असं कुणी विचारलं की म्हणत, "घरी सुनेचा वर्ग चालू असतो, त्यापेक्षा हा बरा." बाईंशी त्यांचे खटके उडत, पण सांधमोड, म्हणजे विटांचा सांधा सांध्यावर येऊ न देणं, अशी साधत की बाईंना बोलायला जागा उरत नसे.

दुसरा रोजचा माणूस म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. तो ठेकेदार, शहराबाहेर त्याच्या सिमेंटच्या चाळीच्या चाळी उभ्या. संध्याकाळी गाडी थांबवून आवारात यायचा, बहिणीच्या हातचा चहा घ्यायचा आणि टोमणे मारायचा. "ताई, तू इथे चिखल कालवतेस आणि लोक मला विचारतात, बहिणीचं बरं चाललंय ना." पण छपराच्या कामाला बांबूची परांची लागली तेव्हा ती त्यानंच गुपचूप पाठवून दिली. विचारल्यावर म्हणाला, माझ्याकडे सडत पडली होती.

घर उभं राहिलं. भर दुपारी आत गेलं की खांद्यावरून कुणी ओझं उतरवल्यासारखं वाटे. मी स्वतः जाऊन बसून आले आहे. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत गवंडी चक्क घोरत होते.

अडचण होती ती तपासणीच्या साहेबांची. साहेब तरुण, एके काळी बाईंच्याच हाताखाली नकाशा वाचायला शिकलेले. माणूस सज्जन, पण घाबरट. घराचा नकाशा त्यांच्याच खात्यानं मंजूर केला होता, त्यात उघडी भिंत स्वच्छ दाखवली होती, तरी मातीच्या भिंतीला पास कसं करायचं या विचारानं त्यांची झोप उडाली होती. वरच्यांनी विचारलं, तू चिखलाला दाखला दिलास का, तर काय सांगायचं? दर वेळी "बघू, मॅडम" म्हणून जात. लेखी एक अक्षर देत नसत, ना होकाराचं, ना नकाराचं.

शेवटी तपासणीचा दिवस ठरला. मुदत महिनाअखेरीला संपत होती, त्यामुळे हीच एक संधी. विटांच्या ताकदीचा अहवाल आणायला बाई आदल्या दिवशी दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत गेल्या. जाताना बजावून गेल्या की फक्त झाडलोट करा, कशाला हात लावू नका.

झाडलोट दुपारीच उरकली. मग सगळे गवंडी हातावर हात ठेवून घरासमोर बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. गवंड्याच्या जातीला उघडी भिंत बघवत नाही. शिंप्याला काजं न केलेला सदरा घालून कुणी मिरवलेलं जसं बघवणार नाही, तसंच हे. त्यांच्या हिशेबी उघड्या भिंतीचे दोनच अर्थ: मालकाचं दिवाळं निघालं, नाहीतर गवंडी काम टाकून पळाला. आणि उद्या साहेब येणार, चार लोक बघणार, आपल्या बाईंचं घर असं उघडंबोडकं. त्यात कुंपणाच्या कामासाठी आणलेलं सिमेंट कोपऱ्यात पडलेलं. बाईंनी शिकवलं होतं सगळं, त्यांना पाठही होतं. पण शिकलेलं डोक्यात असतं आणि लाज हाडात असते. आरसामिस्त्री उठले, त्यांनी रंधा धुऊन घेतला, आणि दर्शनी भिंत दिवस मावळेपर्यंत आरसा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई एसटीतून उतरून पिशवीसकट थेट आवारात आल्या, तर साहेब लवकरच येऊन खुर्चीत बसलेले, भावाबरोबर चहा पीत होते. दोघांचे चेहरे उजळलेले. गवंडी रांगेत उभे होते, नवे सदरे घालून. बाईंनी भिंतीकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

साहेब उठून म्हणाले, "मॅडम, मनावरचं ओझं उतरलं. आता कसं घरासारखं घर दिसतंय. मी वीटकाम आणि सिमेंट गिलावा असं लिहितो, कुणी विचारणार नाही. पाच मिनिटांत सही करतो."

भाऊ म्हणाला, "ताई, जिंकलीस बघ. अगं, आता तरी हस."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी साहेबांना विचारलं, "मंजूर नकाशात बाहेरची भिंत काय आहे?"

"उघडी. दरजा भरलेली."

"आणि समोर काय आहे?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "जाऊ द्या ना मॅडम. छान झालंय."

"छान असा शेरा तुमच्या पुस्तकात नाही. माझ्याही नव्हता. नकाशाप्रमाणे नसेल तर तुम्हाला सही करता येत नाही."

साहेबांनी परोपरीनं समजावलं. आज नापास केलं तर पुढची तपासणी रांगेनं येईल, ती मुदतीनंतरच. मुदत टळली की आवार जाणार, वर्ग जाणार. ते त्यांच्या हातात नाही. भावानं तर कपाळाला हात लावला. म्हणाला, लोक पास व्हायला पाया पडतात आणि तू नापास करा म्हणून भांडतेस, तुझ्यासारखी बाई मी पाहिली नाही. गवंड्यांपैकी कुणी वर बघत नव्हतं. सगळ्यांना कळत होतं काय पणाला लागलंय ते. इतक्या दिवसांची मेहनत, हातात येऊ घातलेली मान्यता, आणि समोर सहीला तयार असलेलं पेन.

बाई म्हणाल्या, "आज ही अशी पास झाली तर उद्या हे सगळे असंच बांधतील. आणि चार पावसाळ्यांनी कुणाची तरी भिंत आतून विरघळेल. तेव्हा लोक म्हणतील, बघा, मातीचं घर. गिलाव्याचं नाव कुणी घेणार नाही. लिहा तुम्ही."

"काय लिहू?"

"लिहा. बाहेरची भिंत मंजूर नकाशाप्रमाणे उघडी नाही. सिमेंटचा गिलावा काढून मातीच्या विटांची भिंत उघडी करावी. त्यानंतर पुन्हा तपासणी करण्यात येईल."

साहेब लिहू लागले. अर्ध्या वाक्यात त्यांचं पेन थबकलं. जे होय म्हणून लिहायला ते इतके दिवस कचरत होते, मातीची उघडी भिंत हीच खात्याची मंजूर भिंत आहे, ते नाही म्हणता म्हणता त्यांच्याच हातून उतरत होतं. त्यांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "पुढे तारीख घाला."

त्यांनी तारीख घातली, सही केली आणि निघाले. पाठोपाठ भाऊही गेला, गाडीचं दार जरा जोरातच आपटून.

मग बाई गवंड्यांकडे वळल्या. आता बोलणी बसणार म्हणून सगळे अंग चोरून उभे राहिले. आरसामिस्त्री एकटे पुढे आले. "त्यांना काही बोलू नका. गिलावा माझा आहे. बाई, मी जन्मात कुणाचं घर बिघडवलं नाही."

"माहीत आहे."

"उघडी भिंत बघून लोकांनी तुम्हाला नावं ठेवू नयेत म्हणून केलं."

"तेही माहीत आहे." बाई तिथेच जोत्यावर बसल्या. "मिस्त्री, तुमचा गिलावा फार चांगला आहे. तोच तर घोळ झालाय. वाईट असता तर पाण्याला बाहेर यायला वाट तरी मिळाली असती. सिमेंटला केसाएवढी चीर कुठेतरी पडणारच. तिथून पाणी आत शिरेल आणि तुमचा हात इतका पक्का की ते बाहेर येणार नाही. आत बसून विटा खाईल. उघडी भिंत भिजते आणि वाळते. तिला झाकलं की ती फक्त भिजते."

म्हातारे वळले. त्यांनी आपला रंधा आणि थापी पोत्यात गुंडाळली आणि फाटकातून निघून गेले. त्यांच्या आयुष्यात त्यांचा गिलावा कुणी उतरवला नव्हता.

गिलावा अजून हिरवा होता, म्हणजे पुरता वाळला नव्हता. दोन दिवस गेले असते तर दगड झाला असता. बाकीच्यांनी लगेच छिन्न्या घेतल्या. पण मनात चोर असला की हात नीट चालत नाही. घाव विटांवर बसू लागले, कडा फुटू लागल्या. बाई प्रत्येक घावाला ओठ दाबत होत्या, पण थांबा म्हणत नव्हत्या.

जेवणं झाल्यावर आरसामिस्त्री परत आले. कुणाकडे न बघता भिंतीपाशी गेले आणि एकाच्या हातातली छिन्नी काढून घेत म्हणाले, "कडा फोडताय सगळ्या. सरका. माझा आहे, मीच काढणार." छिन्नी आडवी धरून, हलक्या हातानं, वरून खाली, एखाद्या जखमेवरची पट्टी काढावी तसा त्यांनी तो गिलावा सोडवला. मध्येच एकदा थांबून म्हणाले, "चिकटला मात्र झकास होता." बाई म्हणाल्या, "तेच म्हणते मी." तेव्हा कुठे सगळे हसले.

मुदत टळली. खात्यानं आवाराला कुलूप घातलं, ट्रक आणून उभे केले आणि फाटकावर पहारेकरी बसवला. भावानं आपल्या एका रिकाम्या गाळ्यात वर्ग भरवायला सांगितलं. बाईंनी त्याचे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. तारेपलीकडे घर दिसत होतं. हातात लांब काठी घेऊन त्या तारेतून दाखवत: हे जोतं, हा पट्टा, ही वळचण एवढी का. गवंडी फूटपाथच्या कडेवर ओळीनं बसून ऐकत. पहारेकरी येऊन म्हणाला, इथे वर्ग घेता येत नाही. बाईंनी विचारलं, कुठल्या नियमानं. तो म्हणाला, विचारून येतो. आला तेव्हा त्याच्या हातात खुर्ची होती, बाईंना बसायला.

येणारेजाणारे थांबून बघू लागले. काहींनी टिंगल केली, काहींनी प्रश्न विचारले, आणि प्रश्न विचारणारा बाईंच्या तावडीतून लवकर सुटत नसे. वर्गाची पटसंख्या आवारात होती त्याहून रस्त्यावर वाढली. खात्याकडे पुन्हा तपासणीसाठी त्या दर आठवड्याला जात. खात्याला ते टाळायचं होतं, पण टाळणार कसं? पुन्हा तपासणी करण्यात येईल असं त्यांच्याच माणसानं लिहून दिलेलं.

चालढकलीत पावसाळा आला आणि गेला. आता भिंत वितळणार म्हणून सगळं शहर डोळे लावून बसलं होतं. भाऊ रोज मुद्दाम त्याच रस्त्यानं जाई आणि कुंपणापाशी गाडी हळू करी. विचारलं तर म्हणे, तिथे खड्डा आहे. भिंत भिजली, काळपट झाली, ऊन पडलं की पुन्हा तांबूस झाली. छिन्नीचे वण तेवढे तिच्या अंगावर राहिले.

शेवटी साहेब आले, या खेपेला वरच्या साहेबांना घेऊन. कुलूप उघडलं, ट्रक बाजूला घेतले. मोठ्या साहेबांनी किल्लीनं वीट खरवडून पाहिली, जोत्यावर पाणी ओतून पाहिलं, पट्टा मोजला, ओळंबा सोडला. मग नकाशा हातात धरून बराच वेळ भिंतीसमोर उभे राहिले. म्हणाले, नकाशाप्रमाणे आहे. तरुण साहेबांनी एवढ्या घाईनं सही केली की कागद जवळजवळ फाटला. तेवढ्यात मोठ्या साहेबांनी सुचवलं की हे वण निदान बुजवून तरी घ्या, बरं दिसत नाही. बाई म्हणाल्या, "नाही बुजवणार. नव्या गवंड्यांना दाखवायला लागतील." आरसामिस्त्री मागे उभे होते. त्यांनी चष्मा पुसला, आणि नंतर पुढच्या तुकडीला ते वण त्यांनीच दाखवले, कुणाची चूक होती ते नाव घेऊन.

आवार वर्गाला मिळालं. ट्रक दुसरीकडे गेले. पण बाईंनी लढाई जिंकली की नाही हे मला कळलं ते त्यानंतर कितीतरी महिन्यांनी, एका संध्याकाळी. मी बाईंकडे चहाला गेले होते. भाऊ तणतणत आत आला. त्यानं गंमत म्हणून, म्हणजे गिऱ्हाइकांना असली घरं आवडू लागली म्हणून, मातीच्या विटांची दोन घरं बांधायला काढली होती आणि कामावर आरसामिस्त्रींना घेतलं होतं.

"तुझा म्हातारा माझं ऐकत नाही," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाला फक्त दर्शनी भिंतीला गिलावा हवाय, एका भिंतीला. हा म्हणतो, करणार नाही, दुसरा मिस्त्री बघा. मी दुसरा बघितला, तो पण तुझ्याच वर्गातला निघाला. तिसराही. ताई, मी आता त्या माणसाला काय सांगू?"

बाईंनी त्याच्यासाठी कप काढला, चहा गाळला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"सांग, या शहरातला सगळ्यात चांगला गिलावा करणारा माणूस माझ्याकडे कामाला आहे," त्या म्हणाल्या, "आणि तो नाही म्हणतोय."